चांगुणामावशीचा कान

चांगुणामावशीनं मला मासे द्यायला पहिल्यांदा नकार दिला तो माझ्या मोटारसायकलच्या आवाजामुळे.

रविवारची सकाळ होती. जुईनगरच्या मच्छी बाजाराच्या तोंडाशी मी गाडी लावली, पिशवी उघडली आणि म्हणालो, "मावशी, दोन वाटे बोंबील दे."

मावशीनं बोंबलांवर पाणी शिंपडलं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "नाय."

"नाय म्हणजे? हे समोर पडलेत ते काय?"

"हायेत. पन तुला नाय. तुजी गारी तोंडातनं रडते. आदी ती बरी कर, मंग ये."

मी हसलो. मावशी हसली नाही. माझ्या मागे एक बाई उभी होती, तिच्या पिशवीत मावशीनं ते दोन वाटे सरळ ओतले. आता या घटनेवर हसायचं की भांडायचं हेच मला कळेना, म्हणून मी घरी अंडी घेऊन गेलो.

मावशी दिवाळ्याची. बेलापूरच्या खाडीकाठचं कोळ्यांचं गाव, तिथे गाडीला गारी म्हणतात आणि मासळीला म्हावरा. तोंड म्हणजे गाडीचा पुढचा भाग. हँडल, शॉकअप, पुढचा ब्रेक, पुढचं चाक हे सगळं तोंडात आलं. मागच्या भागाला ती शेपूट म्हणते आणि शेपटात तिला काडीचा रस नाही. "शेपटाचा काय, तो येतो गपचिप मागनं," असं तिचं मत आहे.

ती जगाला अरे-तुरे करते आणि जगानंही तिला तसंच करावं असा तिचा आग्रह. मी पहिल्यांदा तिला "तुम्ही" म्हणालो तेव्हा आपल्या शेजारी आणखी कोण बसलंय ते तिनं वळून पाहिलं होतं.

मासे विकते ती, पण तिचा खरा धंदा वेगळाच. तिच्या टोपलीपासून चार पावलांवर रस्त्यात एक स्पीडब्रेकर आहे. चांगला घसघशीत. तो ओलांडताना कुठलीही मोटारसायकल पोटातलं सगळं ओकून टाकते. मावशी मान खाली घालून सुरमई कापत असते, कोयता थांबत नाही, पण कान रस्त्यावर. आवाज आला की ओरडलीच.

"ए निल्या शर्टवाल्या! दाना फुटलाय तुजा!"

निळा शर्टवाला बिचारा आपला कुठला दाणा फुटला म्हणून चाचपत उभा राहतो.

तिचं शास्त्र सोपं आहे. ब्रेक मारल्यावर एकदाच 'टक्' झालं तर दाणा, म्हणजे हँडलच्या मानेत ज्या छऱ्यांवर हँडल फिरतं त्यातला एखादा गेला. खोबरं किसल्यासारखी खरखर आली तर ब्रेकचे लायनर संपले. खड्ड्यात 'धप्' झालं तर शॉकअपमधलं तेल गळून गेलं. चिवचिव झाली तर मीटरची केबल सुकली. "चिमनी बसलेय तोंडात, तिला तेल पाज," म्हणते. एकदा एका हवालदारांची मोटारसायकल खरखरत गेली, तर बाईनं भर बाजारात त्यांना थांबवलं. "सायेब, लोकांना काय थांबवतो? तुज्या ब्रेकमदी काय रायला नाय. आदी सोता थांबून दाखव!" हवालदार लाल झाले खरे, पण दुसऱ्या दिवशी लायनर बदलून आले आणि स्पीडब्रेकरवरून मुद्दाम दोनदा गेले.

बरं, या बाईनं आयुष्यात कधी गाडी चालवलेली नाही. सायकलसुद्धा नाही.

माझी मोटारसायकल बावीस वर्षांची. पहिल्या नोकरीत घेतलेली. माझं लग्न तिच्यापेक्षा लहान आहे, आणि हे मी बायकोसमोर एकदा बोललो होतो, परत बोललो नाही. पुढचा ब्रेक दाबला की 'टक्' असा आवाज यायचा हे मला ठाऊक होतं. वर्षभर ठाऊक होतं. पण माझा मूळ स्वभाव 'बघू की'. घरातला नळ गळतो, बघू की. दाराची कडी लागत नाही, बघू की. आवाज करत का होईना, गाडी चालतेय ना? मग झालं तर.

आणि नेमके त्याच आठवड्याच्या शेवटी सासरे येणार होते.

माझे सासरे रत्नागिरीकडचे. मी साताऱ्याकडचा, मासे खायला लग्नानंतर शिकलो. सासऱ्यांच्या दृष्टीनं जावयाची नोकरी, घर, पगार या सगळ्या दुय्यम गोष्टी. ताटात सुरमई कशी आहे त्यावरून ते मुलगी सुखात आहे की नाही ते ठरवतात. मागच्या वेळी मावशीकडची सुरमई खाऊन ते चक्क म्हणाले होते, "जावईबापू, तुम्हांला मासळी कळायला लागली हो." बारा वर्षांत मिळालेलं तेवढंच एक प्रशस्तिपत्रक. ते घालवून चालणार नव्हतं.

म्हणून बुधवारी मी मावशीकडे गेलो आणि बेधडक खोटं बोललो. "केली बरं का गाडी दुरुस्त. सगळं नवीन टाकलं."

"वा! मंग जा बगू त्या आडव्या बांधावरनं."

स्पीडब्रेकरला ती आडवा बांध म्हणते. मी अगदी अलगद, ब्रेकला हात न लावता गेलो. मावशीनं नुसतं बोट हलवलं. "ब्रेक मारून."

टक्.

बाजारातल्या सगळ्या कोळणी खो खो हसल्या. मावशीनं माझ्याकडे जे पाहिलं ना, तसं माझ्या गणिताच्या मास्तरांनीही कधी पाहिलं नव्हतं.

गुरुवारी मी गाडी दोन गल्ल्या अलीकडे लावली आणि रमतगमत, अगदी फिरायला निघालेल्या माणसासारखा बाजारात शिरलो.

"गारी कुठंय?"

"आज चालत आलो मावशी. डॉक्टर म्हणाले, चालत जा जरा."

"आसं? आनि टोपी घालून चालायला पन डाक्टरनीच सांगितला?"

हेल्मेट डोक्यावरच होतं.

मग मी शेवटचं अस्त्र काढलं. वैशालीला, म्हणजे बायकोला, 'वडील येणारेत' असं सांगायला लावून पाठवलं. ती तासाभरानं रिकाम्या हातानं आली ती माझ्यावरच तणतणत. "त्या बाईचं बरोबर आहे! मी मागे बसते ना त्या गाडीवर? मला वाटायचं माझं वजन वाढलंय म्हणून आवाज येतो!" म्हणजे मासे गेले ते गेले, घरातला पाठिंबाही गेला. बाजारातल्या दुसऱ्या कोळणी मला बघून टोपल्या झाकायला लागल्या, मावशीचा शब्द मोडायची एकीचीही टाप नव्हती. वाशीला जाऊन मासे आणले तर वैशालीनं कल्ले उघडून पाहिले आणि पिशवी परत माझ्या हातात दिली.

शुक्रवारी मला राग आला. मी तडक गेलो आणि विचारलं, "मावशी, खरं सांग, त्या बाळू मेकॅनिककडून तुला काय मिळतं गं?"

बाळूचं गॅरेज बाजाराच्या समोरच. त्याचं निम्मं गिऱ्हाईक मावशीनं ओरडून पाठवलेलं असतं, हे सगळ्या जुईनगरला माहीत आहे. मला वाटलं आता ही चिडेल, चार कोळी शिव्या ऐकायला मिळतील. पण ती चिडली नाही. कोयता खाली ठेवला आणि अगदी हळू म्हणाली, "तुला दोन पोरी हायेत ना रं?"

"आहेत. त्याचा इथे काय संबंध?"

"मंग जा ना बाबा बालूकडं. पाया परते तुज्या."

असं कुणी म्हटल्यावर माणूस काय करणार? गेलो.

बाळू म्हणजे मोजकं बोलणारा माणूस. त्यानं गाडी एक चक्कर मारून आणली आणि सांगितलं, "साहेब, आवाजच येत नाही." गाड्यांचं हे ठरलेलंच असतं. वर्षभर टक् टक् करणारी गाडी मेकॅनिकच्या हातात गेली की एकदम शहाणी होते. मी म्हणालो, "मला मावशीनं पाठवलंय." त्यानं हातातलं फडकं खाली ठेवलं. "मावशीनं? मग आवाज असणार. उघडायला लागेल."

त्यानं पुढचे लायनर बदलले. चक्कर मारली. टक्. शॉकअपमधलं तेल बदललं. टक्. मडगार्डचे नट आवळले, चाकाचं बेअरिंग बघितलं. टक्. दुपारचा एक वाजला. टक् म्हणजे दाणा हे ठाऊक असूनही हँडल मात्र त्यानं हलवून पाहिलं आणि सोडून दिलं, कारण ते लोण्यासारखं फिरत होतं. शेवटी कपाळ पुसत तो म्हणाला, "साहेब, आता मावशीलाच बसवा मागे."

मावशीचा बाजार आवरलाच होता. ती रिकामी पाटी उचलून आली आणि पाटीसकट माझ्या मागे एका बाजूला पाय सोडून बसायला लागली.

"अगं, पाटी इथेच ठेव की."

"पाटी नसली तं मना आवाज येत नाय," ती म्हणाली. यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता.

तर अशी आमची वरात निघाली. पुढे मी, घामाघूम. मागे नऊवारीतली मावशी, मांडीवर ही मोठी पाटी, तिचा काठ माझ्या बरगडीत. सिग्नलला रिक्षावाले वाकून बघत होते. माझ्या ऑफिसातले एक साहेब कारमधून गेले, त्यांनी हात करायचं टाळलं. आणि मागून हुकूम सुटत होते. "हालू चल. आता ब्रेक मार. सोर. परत मार. आता हँडल वलव, माज्या बाजूला. नाय, तिकरं नको, माज्या बाजूला!" मी ब्रेक मारत होतो, सोडत होतो, वळत होतो. सेक्टरला तीन प्रदक्षिणा झाल्या. चौथ्या वळणावर तिनं माझ्या पाठीवर थाप मारली.

"दाना. डाव्या अंगाचा. सरल हाय तवा हालू बोलतो, वलताना ब्रेक मारला का जोरात बोलतो."

बाळूनं हँडलची मान उघडली. ग्रीसमधून एकेक छरा काढत फडक्यावर ठेवत गेला. डाव्या बाजूला पोचला तेव्हा त्याच्या बोटाला अर्धाच छरा लागला. दुसरा अर्धा खालच्या वाटीत रुतून बसला होता आणि तिथे त्यानं चांगला खड्डा पाडला होता. "साहेब, हा आडवा झाला असता ना, तर हँडल जागच्या जागी अडकलं असतं," बाळू म्हणाला. मी वर्षभर दोन पोरींना याच गाडीवर शाळेत सोडत होतो. मी गॅरेजच्या फुटक्या टायरवर बसलोच.

मावशी जिंकली होती. मला वाटलं आता अख्ख्या बाजाराला गोळा करून ती माझी शोभा करणार. पण तिनं तो अर्धा छरा तळहातावर घेतला, पदरानं पुसला आणि बराच वेळ नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "नवीन टाक. आनि मना घरी सोर. मी बसल्याबिगर खात्री नाय."

दिवाळ्यापर्यंतच्या वाटेवर ती एक शब्द बोलली नाही. एवढी बडबडी बाई, पण हुकूम नाही की काही नाही. गाडी तर इतकी गप्प चालत होती की मलाच चुकल्यासारखं होत होतं. बेलापूरच्या अलीकडे पुलाचा उतार लागला तेव्हा तिनं माझा खांदा धरला. धरला म्हणजे नखं रुतली. उतार संपल्यावर सोडला.

तिचं घर जेट्टीकडे जाणाऱ्या गल्लीत. दारात जवळा वाळत घातलेला. तिनं मला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, आणि आतून बर्फातली एक सुरमई आणून माझ्या पिशवीत घातली. "तुज्या सासऱ्याला. उद्याच्या बाजाराला ठेवलेली."

मी थट्टेत म्हणालो, "मावशी, तुला हे कान दिले कुणी गं?"

ती उंबऱ्यावर बसली. "आमच्या मालकानी."

मालक म्हणजे नवरा. त्याची होडी होती. डिझेल इंजिनाच्या शेजारी उभं राहून राहून त्याचे दोन्ही कान गेले होते. होडीवरून आला की तो मोटारसायकल काढायचा आणि मावशीला पाटीसकट जुईनगरला सोडायचा. बावीस वर्षं. मांडीवर पाटी, समोर त्याची पाठ, त्यामुळे तिला पुढचं दिसायचं काहीच नाही, ऐकूच यायचं. आणि त्याला ऐकू यायचं नाही. म्हणून तो दर थोड्या वेळानं मान मागं करून ओरडायचा, "काय बोलते गं ती?" मग ही पाठीवर थापा मारून सांगायची. एक थाप म्हणजे बरी आहे. दोन म्हणजे थांब, काहीतरी वाजतंय.

"मंग एकदा आमचा अबोला झाला," मावशी म्हणाली. "चार दिस. तो गारीवर बसवायचा, मी बसायची. तो इचारायचा नाय, मी थाप मारायची नाय. पहिल्या दिशी आयकला मी. टक्. म्हटला, इचारू दे की आदी. दुसऱ्या दिशी पन आयकला. तिसऱ्या दिशी पन. मना वाटला, त्याला लय गुर्मी हाय ना, मंग वाजू दे."

तिनं दारातला जवळा हातानं सारखा केला.

"चौथ्या दिशी त्या उतारावर हँडल वललाच नाय. मना साधा खरचटला पन नाय रे. म्हावरा सगला रस्त्यावर. मी उठले, म्हावरा गोला करायला लागले. मना वाटला तो पन उठला आसंल."

गल्लीतून एक पोरगी कोंबड्या हाकत गेली. मी पाण्याचा पेला हातातच धरून बसलो होतो. काहीतरी विचारायला हवं म्हणून मी विचारलं, "अबोला कशावरून झाला होता मावशी?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. अगदी मनापासून आठवायचा प्रयत्न केला तिनं, ते मला तिच्या कपाळावर दिसलं.

"तेच आठवत नाय ना रे," ती म्हणाली. "किती येला आठवून बगितला. त्याचा आवाज आठवतो, गारीचा आठवतो. भांडान कनचा होता तेच आठवत नाय."

मला रडू आवरेना. मी माणूस काही एवढा हळवा नाही, पण आवरेना. मावशीनं मात्र डोळे पुसले नाहीत, कारण पुसण्यासारखं काही आलंच नव्हतं तिच्या डोळ्यांत. तिनं माझ्या हातातला पेला घेतला आणि म्हणाली, "जा आता. सुरमई मऊ परल. आनि घरी पोचला का फोन कर. आवाज आला का नाय सांग." मी माझ्या फोनवर तिचा नंबर घातला.

घरी पोचलो. सुरमई बघून वैशालीनं मला आठवड्यात पहिल्यांदा हसून पाणी दिलं. मी बाल्कनीत जाऊन फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"आला का आवाज?"

"नाही मावशी. अजिबात नाही."

"उतारावर?"

"उतारावर मुद्दाम ब्रेक मारून बघितला. काही नाही."

"बरा झाला," ती म्हणाली.

आता ती फोन ठेवेल म्हणून मी थांबलो. तिनं ठेवला नाही. पलीकडून घरातल्या पंख्याची घरघर ऐकू येत होती, आणि बाकी काहीच नाही. चार माणसांच्या घरात राहणाऱ्या मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, की बाजार आवरून घरी गेल्यावर या बाईशी दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी बोलत नसणार. ती फोन धरून बसली होती. मी पण बाल्कनीतल्या स्टुलावर बसलो.

"मावशी," मी म्हणालो, "जेवलीस का गं?"

"नाय अजून," ती म्हणाली. "तू बोल."